वय सतरा, इयत्ता तिसरी: युद्धातून सावरणाऱ्या मुलांना मुंबईतून काय देता येईल?

शुभांगी_मुलुंड

मंडळी, धागा लांबलचक आहे. आधी मुद्दा सांगते, मग पाल्हाळ.

एका संस्थेने विचारलंय की दक्षिण सुदानमधल्या तरुण मुलामुलींसाठी मुंबईतून 'मेंटर' व्हाल का. योजना अशी: एकेका स्वयंसेवकाकडे एकेक मूल, आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, तीन महिने. विषय शिकवायचा नाही. बोलायचं, धीर द्यायचा, पुढे काय करता येईल ते सांगायचं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हो म्हटलंय. मी अजून काहीच कळवलेलं नाही, कारण मला ही योजना पटत नाहीये, आणि का पटत नाही ते इथे मांडून बघायचं आहे.

मी लालबागच्या बाजूला एका रात्रशाळेत गणित शिकवते. घंटा साडेसहाला होते, वर्ग खरा भरतो सव्वासातला. कुरिअरवाला, वाण्याच्या दुकानातला पोऱ्या, चार घरची धुणीभांडी करून आलेली मुलगी, आणि दहावी पास व्हायचंच म्हणून बसणाऱ्या पंचेचाळीशीच्या मावशी, सगळे एका बाकावर. एक मुलगा भाजीच्या गाडीवर पावणेतीन किलोचा हिशोब तोंडी करतो, गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत आकडा सांगून मोकळा. तोच वहीत दोन पूर्णांक तीन चतुर्थांश दिसला की पेन खाली ठेवतो. वर्षं बुडालेल्या मुलांना शिकवणं म्हणजे काय ते एवढ्यापुरतं मला माहीत आहे. युद्धाचं मला काही माहीत नाही.

आता तिकडचं. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला. त्याआधी १९८३ ते २००५ उत्तरेशी युद्ध. डिसेंबर २०१३ मध्ये नव्या देशातच यादवी पेटली, २०१८ मध्ये शांतता करार झाला आणि त्यानंतरही चकमकी पूर्ण थांबलेल्या नाहीत. म्हणजे आज जो मुलगा अठरा-वीस वर्षांचा आहे त्याची शाळेची वर्षं छावणीत किंवा पळापळीत गेली, आणि त्याच्या आईबापांचीही तशीच गेली होती. घरी अभ्यास घ्यायला कोणी असण्याचा प्रश्नच नाही.

तिथे प्राथमिक शाळा आठ वर्षांची. उशीर झालेल्या मुलांसाठी तेच शिक्षण चार वर्षांत उरकणारा वेगळा अभ्यासक्रम आहे. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ च्या युद्धानंतर असंच सहा वर्षांचं प्राथमिक तीन वर्षांत केलं होतं, लायबेरियातही तेच. कागदावर हे छान दिसतं. पण निम्म्या वेळात शिकवायचं म्हणजे दुप्पट वेगाने शिकवायचं असं समजून लोक मोकळे होतात. आमच्याकडेही वेळ निम्मा आणि पुस्तक तेवढंच. खरं काम आहे काय गाळायचं ते ठरवण्याचं. मिसरूड फुटलेल्या मुलाला ससा-कासव कशाला? त्याने बंदूक धरलेली असेल, भावंडं सांभाळली असतील, सीमा ओलांडली असेल.

आणि मेंटर. माझा अनुभव असा की मुलगा टिकतो तो 'काल का नाही आलास?' असं विचारणारं कोणी असलं की. हे विचारणारा माणूस त्याच गल्लीतला लागतो. तीन महिन्यांनी स्क्रीनवरून गायब होणारी मुलुंडची बाई ते कसं विचारणार? ज्या मुलांच्या आयुष्यातून माणसं आधीच अचानक नाहीशी झाली आहेत, तिथे आणखी एक नाहीशी होणार.

तर प्रश्न दोन. एक, माझं चुकतंय का? दोन, असं एकेकटं मूल दत्तक घेतल्यासारखं करण्याऐवजी आपण दुसरं काय करू शकतो? अनुभवी लोकांनी लिहा. 'खूप छान उपक्रम' एवढंच लिहिणार असाल तर नाही लिहिलंत तरी चालेल 🙂

चहाबाज

ताई, राग मानू नका, पण दक्षिण सुदान कशाला? गडचिरोलीला जा की. भामरागड, एटापल्लीची मुलं काय कमी भोगतायत? मुंबईकरांना लांबचं दुःख जवळचं वाटतं, कारण तिथे जावं लागत नाही.

शुभांगी_मुलुंड

चहाबाज, शेवटचं वाक्य लागलं, आणि म्हणूनच तर हा धागा काढला. हेमलकशाची शाळा १९७६ पासून चालू आहे ती तिथे जाऊन राहिलेल्या माणसांमुळे. मला माझी नोकरी सोडून कुठेच जाता येणार नाही, ना भामरागडला ना दक्षिण सुदानच्या राजधानीला, जुबाला. तेव्हा मुंबईत बसून जे होतं तेवढंच बोलू. आणि एकाला विचारलं की दुसऱ्याला नाकारलं असं होत नाही हो.

मंजिरी के

शुभांगी, तुझं चुकत नाहीये. मी शाळेत समुपदेशक आहे, म्हणून या बाजूचं थोडं वाचन आहे.

सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाऊनमध्ये, १५ ते २४ वयाच्या, युद्धाची झळ लागलेल्या ४३६ तरुणांवर एक अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून गटात बसवलं. गट चालवणारे तिथलेच, प्रशिक्षण दिलेले लोक. राग आला की काय करायचं, भांडण कसं सोडवायचं, लोकांशी नातं कसं जोडायचं, अडचण आली तर तिचे तुकडे कसे पाडायचे, असे विषय. नंतर त्या मुलांना शाळेत जायची संधी दिली, तेव्हा गटातली मुलं शाळेत जास्त टिकली, हजेरी चांगली राहिली, वर्गात वागणंही सुधारलं. मला यातलं आवडलं ते हे की मोजमाप शाळेतल्या हजेरीचं केलं. 'बरं वाटतंय का' यावर थांबले नाहीत.

दुसरी गोष्ट जरा कडक शब्दांत लिहिते. व्हिडिओ कॉलवर येणाऱ्या हौशी मेंटरला पहिल्या किंवा दुसऱ्या खेपेला मोह होतोच: 'तुझ्यावर काय गुजरलं ते सांग ना.' कृपा करून हे करू नका. ऐकणाऱ्याला वाटतं आपण मन मोकळं करू दिलं. कॉल बंद झाल्यावर ते मूल त्या रात्री कोणाजवळ जाणार याचा विचार ऐकणाऱ्याने केलेला नसतो. आम्ही प्रशिक्षित लोकसुद्धा जवळ सांभाळणारं कोणी आहे याची खात्री असल्याशिवाय तो विषय उघडत नाही.

रवांडाचं उदाहरण तुझ्या 'गल्लीतला माणूस' या मुद्द्याला धरून आहे. १९९४ च्या हत्याकांडानंतर तिथे अशी कितीतरी घरं होती की घरातलं सर्वांत मोठं माणूस सोळा-सतरा वर्षांचं. अशा घरांसाठी गावातल्याच प्रौढ स्वयंसेवकांना तयार केलं. ते ठरलेल्या दिवशी घरी जायचे, शेतीचं विचारायचे, शाळेचं विचारायचे, शेजाऱ्याने बांध कोरला तर मुलांच्या बाजूने बोलायचे. काही ठिकाणी तर स्वयंसेवक कोण हवा हे मुलांनाच विचारलं. त्यावरच्या अभ्यासात दिसलं की मुलांना आपण वाळीत पडलोय असं वाटणं कमी झालं. यातलं एकही काम झूमवरून होत नाही.

गिरगावकर

मंजिरीताईंना अनुमोदन. बांध कोरला तर बाजूने बोलणारा माणूस, वा! मेंटरची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

दख्खनी_फौजी

नमस्कार. सहसा वाचनमात्र असतो. पण दक्षिण सुदानचं नाव आलं म्हणून लिहितो. मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडीबरोबर मलाकलला होतो. निवृत्त आहे, आता कल्याणला असतो.

पहिलं म्हणजे तिथे गुरं हीच बँक, हीच इभ्रत आणि हाच हुंडा. हुंडा मुलाकडून मुलीच्या बापाला जातो, गुरांच्या रूपात. पोरांच्या हातात बंदूक येते ती बऱ्याचदा राजकारणापायी येत नाही, गुरं राखायला नाहीतर पळवायला येते. तेव्हा 'युद्ध संपलं, आता शाळेत जा' असं म्हणून भागत नाही. मुलींचं तर आणखी अवघड. चौदा-पंधराची मुलगी म्हणजे बापाच्या लेखी एवढी-एवढी गुरं. ती शाळेत बसली तर ती गुरं अडकली.

आमच्या तुकडीबरोबर जनावरांचे डॉक्टर असायचे. भारतीय तुकड्यांनी तिथे जनावरांचा दवाखाना चालवला, गावातल्या लोकांना लसीकरण, जखमा बांधणं वगैरे शिकवलं. तिथे एक पोरगा रोज येई. उंच, हडकुळा, कपाळावर त्यांच्यात असतात तसे वण, वय विचारलं की दरवेळी वेगळं सांगायचा. बैल धरण्यात पटाईत. शिंगाजवळ हात ठेवून काहीतरी गुणगुणायचा आणि बैल शांत उभा राहायचा. त्याला शाळेत घालायचा प्रयत्न झाला, तो दोन दिवसांत परत गुरांत. पण औषधाच्या बाटलीवरचे आकडे त्याला वाचायचे होते. कारण डोस चुकला तर बैल जातो, आणि बैल गेला तर ज्याचा बैल तो याला सोडत नाही. आमच्या कंपाउंडरने त्याला सिरिंजवरच्या रेघा दाखवत दाखवत शून्य ते दहा, मग अर्धा, पाव, असं शिकवलं. पाटी नाही, पुस्तक नाही. शुभांगीताई, तुमचा अपूर्णांक तो सिरिंजवर शिकला.

दुसरं. २०१५ मध्ये पिबोर भागात कोब्रा म्हणून एक गट होता, त्याने सतराशेच्या वर मुलं सोडली. शस्त्रं खाली ठेवून घेतली, गणवेश उतरवून घेतले, साधे कपडे दिले. बातमीत तेवढंच येतं. पुढे ते मूल ज्या गावात परत जातं त्या गावाला त्याच्याबद्दल काय वाटतं, हा खरा प्रश्न. नुसतं त्या मुलाला दप्तर, वह्या, साबण दिलात तर शेजारचा बाप म्हणतो, माझ्या पोराने बंदूक उचलली नाही म्हणून त्याला काही नाही होय? त्यामुळे द्यायचं तर सगळ्या गावाच्या शाळेला द्यावं लागतं. हे तिथल्या कामाच्या लोकांना चांगलं ठाऊक आहे, आपल्याकडून जाणाऱ्या हौशी मंडळींना ठाऊक नसतं.

चहाबाज

फौजीसाहेब, सलाम. माझा पहिला प्रतिसाद उगाच आगाऊ वाटायला लागलाय. वाचतोय.

कारकून_दादर

मी एका कॉलेजच्या प्रवेश विभागात आहे, कोणतं ते सांगत नाही. वर सगळे मनाचं आणि गुरांचं बोलतायत, मी कागदाचं बोलतो.

युद्धातून आलेल्या मुलाचं पहिलं भांडण आमच्या खिडकीशी होतं. शाळा सोडल्याचा दाखला आणा. शाळा जळाली. मग मार्कशीटची प्रत आणा. बोर्डाचं कार्यालय दुसऱ्याच गटाच्या ताब्यात. मग मूळ देशाच्या वकिलातीचं पत्र आणा. त्या वकिलातीला हा आपला वाटत नाही. अफगाण मुलांच्या बाबतीत हे जवळून पाहिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आल्यानंतर कागदावरचं सरकार एक आणि काबूलमधलं दुसरं, शिक्का कोणाचा चालवायचा? मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये दोन समाजांत हिंसाचार पेटल्यावर महिनोन्महिने इंटरनेट बंद होतं, तिथल्या मुलांचे फॉर्म भरायचे राहिले. तो तर आपलाच देश.

यावर काम झालेलं आहे. युरोप परिषदेने २०१७ मध्ये निर्वासितांसाठी शैक्षणिक पात्रतेचा एक पासपोर्ट सुरू केला. कागद नसले तरी जाणकार लोक मुलाखत घेतात, जे काही तुकडे हाताशी आहेत ते तपासतात, आणि 'या माणसाचं शिक्षण बहुधा इथपर्यंत झालेलं दिसतं' असं लेखी देतात. ती पदवी नव्हे. पण खिडकीतल्या माझ्यासारख्याला फाइलला लावायला एक कागद मिळतो. तुम्हाला हसू येईल, पण अर्धी कामं अशा कागदाअभावी अडतात.

तेव्हा मेंटर व्हायचंच असेल तर मुलाला स्वप्नं दाखवण्याआधी त्याच्या कागदांची यादी करा. काय आहे, काय गेलं, काय परत मिळू शकतं. आणि प्रत्येक सत्राअखेर शाळेने सही-शिक्क्याचं एक पान द्यावं, 'याने इतकं पूर्ण केलं' म्हणून. पोरगा मध्येच दुसऱ्या गावी गेला तरी तो शून्यापासून सुरू करणार नाही.

शुभांगी_मुलुंड

कारकूनसाहेब, हे सोनं आहे. सही-शिक्क्याचं पान लगेच टिपून घेतलं. आमच्याकडेही गावी जाऊन चार महिन्यांनी परतलेल्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून बसवतात आणि तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

कुलाबा_वारे

मुंबईत बसून हे बोलतोय आणि सिंधी मंडळींचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं नवल वाटलं. फाळणी हे रूढार्थाने युद्ध नव्हे, मान्य. पण उजाडून येणं तेच.

चर्चगेटचं जयहिंद कॉलेज १९४८ मध्ये काढलं ते कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी. वांद्र्याचं नॅशनल कॉलेज मूळचं सिंधमधल्या हैदराबादचं, तिथे १९२२ मध्ये सुरू झालेलं, ते १९४९ मध्ये वांद्र्यात पुन्हा उभं राहिलं. प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी ही ती माणसं. त्यांनीच पुढे १९५४ मध्ये के. सी. कॉलेज काढलं. इकडे कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर माणसं बराकीत राहत होती, तिचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. घरावर धड छप्पर नाही आणि कॉलेज काढतायत! आपण आज ज्याला शिक्षणसम्राट वगैरे म्हणतो त्याच्याशी याचा काही संबंध नव्हता. शिकवणं एवढीच त्यांना येणारी गोष्ट होती, आणि आलेल्या पोरांना परीक्षा द्यायच्या होत्या.

सांगायचं काय, की उजाडलेल्या समाजात शिक्षकही उजाडलेलाच असतो. त्याला पगार हवा, त्याला खोली हवी, त्याचीही माणसं गेलेली असतात. सगळं लक्ष मुलांकडे आणि मास्तर वाऱ्यावर, हा प्रकार मी सगळीकडे पाहतो. जयहिंद उभं राहिलं कारण प्राध्यापक आधी एकत्र आले. शुभांगीताई, तुम्ही मुलांऐवजी मास्तरांचे मेंटर व्हा.

शुभांगी_मुलुंड

कुलाबा_वारे, नेमकं! माझ्या मनात हेच घोळत होतं, पण इतकं सरळ मांडता येत नव्हतं.

दक्षिण सुदानमध्ये शिक्षकांचे पगार महिनोन्महिने थकतात. मध्यंतरी युरोपीय संघाच्या पैशांतून शिक्षकांना दरमहा ४० डॉलर भत्ता दिला होता, नुसतं शाळेत यावं म्हणून. अनेक शिक्षक स्वतःच प्राथमिकच्या पुढे शिकलेले नाहीत. पहिले काही वर्ग मातृभाषेत, पुढे इंग्रजी, जुबाच्या बाजारात बोलतात ती वेगळीच मोडकी अरबी. अशा मास्तरासमोर साठ-सत्तर मुलं आणि त्यांत बारा वर्षांचा आणि वीस वर्षांचा एकत्र. त्याला कोणी विचारतं का, की बाबा, उद्याचा तास कसा घेणार आहेस?

उंबरठा

मी थोडा विरोधी सूर लावतो. सगळे धरून चाललेत की शाळा म्हणजे चांगलंच. बॉस्नियात या. १९९२-९५ च्या युद्धानंतर तिथे 'एका छपराखाली दोन शाळा' सुरू झाल्या. इमारत एक, क्रोएट मुलं एका दाराने, बोस्नियाक (म्हणजे तिथली मुस्लिम) दुसऱ्या दाराने, किंवा सकाळ-दुपार पाळ्या. भाषा, इतिहास, भूगोल वेगवेगळे. सुरुवातीला हा तात्पुरता तोडगा होता, म्हणजे निदान सगळी मुलं एका इमारतीत तरी येतील म्हणून. तो तात्पुरता तोडगा दोन दशकांच्या पुढे चालला. मोस्तारच्या प्रसिद्ध जुन्या शाळेचं २००४ मध्ये प्रशासन एक केलं, अभ्यासक्रम मात्र वेगळेच ठेवले. म्हणजे शिक्षणाची सोय झाली आणि पुढच्या भांडणाचीही.

यात कौतुक करावं असं कोणी असेल तर याइत्से गावची पोरं. तिथे आणखी एक वेगळी शाळा काढायचं घाटत होतं. दोन्हीकडचे विद्यार्थी एकत्र रस्त्यावर आले, आम्हाला वेगळं करू नका म्हणाले, आणि २०१७ मध्ये तो बेत गुंडाळावा लागला. पुढच्या वर्षी त्यांना अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्या पोरांना मेंटर कोण होता? ती एकाच कॅन्टीनमध्ये बसायची, बस्स.

रवांडात तर हत्याकांडानंतर शाळांत इतिहास शिकवणंच बरीच वर्षं थांबवलं, कारण आधीच्या इतिहासाच्या तासांनीच विष पेरलं होतं. काय शिकवायचं यावर एकमत होईना. गणिताच्या बाई म्हणून तुम्ही सुटलात शुभांगीताई 😄 पण तुमचे मास्तर कोणत्या जमातीचे, वर्गातली मुलं कोणत्या, बाकावर कोण कोणाशेजारी बसतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वरदा_गोरेगाव

मराठी माणसांनी केलेलं याच जातीचं काम इथे नोंदवून ठेवते. अधिक कदम, मूळचे श्रीगोंद्याकडचे. कुपवाड्यासारख्या ठिकाणी जाऊन त्यांनी २००२ पासून काश्मीरमधल्या अनाथ मुलींसाठी घरं काढली. पुण्याच्या 'सरहद'ने काश्मिरी मुलांना पुण्यात आणून शिकवलं. त्याच्याही आधी भय्याजी काणे मणिपूरमधल्या उखरूलला मास्तर म्हणून गेले, तिथली मुलं महाराष्ट्रात शिकायला आणली, पुढे त्यांच्या कामातून तिकडेच शाळा उभ्या राहिल्या.

मुलं इकडे आणायची की माणूस तिकडे जायचा? मी कॉलेजात असताना इकडे आणण्याच्या बाजूची होते. आता नाही. इकडे आणलेलं मूल मराठी-हिंदी फाडफाड बोलायला लागतं, आपण टाळ्या वाजवतो, आणि सुट्टीत घरी गेलं की आजीशी बोलताना अडखळतं. भय्याजींचं काम मला मोठं वाटतं ते ते स्वतः तिकडे राहिले म्हणून.

निळावंती

@वरदा, इतकं सोपं नाही गं. आमच्या कलिन्याच्या चाळीत मणिपूरची दोन भावंडं भाड्याने राहतात. थोरला हॉटेलात, धाकटी कॉलेजात. त्यांचं गाव राहिलेलंच नाही. 'तिकडेच शाळा काढा' म्हणजे कुठे काढायची? मुंबई त्यांना बरी वाटते कारण इथे कोणी आडनाव ऐकून कोणत्या बाजूचा ते ओळखत नाही. धाकटीला एकदा मी दुसऱ्या बाजूच्या एका मुलीबरोबर लोकलच्या दारात खिदळताना पाहिलं. घरी सांगू नका म्हणाली.

अंबाबाईचा_गोंधळ

मूळ कोल्हापूरकर, म्हणून वळिवड्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेले सुमारे ५००० पोलिश लोक १९४३ ते ४८ वळिवड्याच्या छावणीत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांनी तिथे प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंत शाळा चालवल्या, पोलिश भाषेत, पोलंडच्या अभ्यासक्रमाने. स्काउट होते, नाटकं होती. माझी आजी सांगायची, बाजारात आल्या की मोडक्या मराठीत घासाघीस करायच्या. पुढे बऱ्याच जणांना पोलंडला जाताच आलं नाही, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया-कॅनडात पांगले. पण मुलांची वर्षं बुडाली नव्हती, कारण शिकवणाऱ्या बाया त्यांच्यातल्याच होत्या. कुलाबा_वारे म्हणतात तेच.

गिरगावकर

धागा आता इतिहासात शिरतोय म्हणून परत वर्गात आणतो. साठ मुलं, वय बारा ते वीस, हा प्रश्न मुंबईने एकदा सोडवून दाखवलाय. 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये इथल्याच वस्त्यांमधून सुरू झाली. पालिका शाळांतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुली नेमल्या, बालसखी म्हणत त्यांना. नंतर जी पद्धत तयार झाली ती अशी: वय, इयत्ता विसरा. मुलाला एक अक्षर, एक शब्द, एक परिच्छेद, एक गोष्ट वाचायला द्या. जिथे अडकला त्या गटात बसवा. काही आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि गट बदला. झांबियासह आफ्रिकेतल्या अनेक देशांनी ती उचलली आहे.

युद्धातल्या मुलांसाठी मात्र एक फरक करावा लागेल असं वाटतं. वीस वर्षांच्याला बारा वर्षांच्याबरोबर 'अक्षर' गटात बसवलं तर तो उठून जाईल. मोठ्यांचा गट वेगळा, त्यांचा मजकूर वेगळा. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सिमकार्डाची पावती, फौजीसाहेबांची सिरिंज.

मंजिरी के

+१. आणि मोठ्यांतलाच जो जरा पुढे गेलाय त्याला लहानांच्या गटावर ठेवा. जो मुलगा टोळीत दहा जणांवर हुकूम चालवत होता त्याला वर्गात एकदम शेवटचा करून टाकू नका.

दख्खनी_फौजी

मंजिरीताई, बरोबर. फक्त लहानांवर हात उचलायचा नाही हे पहिल्या दिवशी सांगा, आणि मास्तर तिथे हजर पाहिजे. त्याला दुसरी रीत कोणी शिकवलेलीच नसते.

उंबरठा

आणि शिकून पुढे काय? चार वर्षांत आठवी झाली, मग नोकरी कुठे आहे? हे कोणी बोलत नाहीये.

शुभांगी_मुलुंड

उंबरठा, नोकरी माझ्या हातात मुंबईतही नाही. आमचा दहावी झालेला मुलगा अजून कुरिअरच टाकतो. पण आता पावतीवर सही करण्याआधी ती वाचतो, आणि मागच्या महिन्यात मालकाने कापलेले पैसे त्याने हिशोब दाखवून परत घेतले. तिथली बाजारपेठ मी उभी करू शकत नाही, तेव्हा तसं आश्वासन कोणालाच देणार नाही. मेंटर योजनेच्या पत्रकात 'उज्ज्वल भविष्य' वगैरे लिहिलंय, ते काढायला सांगितलंय.

संस्थेला काय कळवलं ते सांगते. एकास एक व्हिडिओ कॉल मी करणार नाही, आणि बाकीच्यांनीही करू नये असं सुचवलं. त्याऐवजी आम्ही रात्रशाळेतले काही शिक्षक आणि तिकडचे काही शिक्षक यांचा एक गट. मुदत निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, अर्धवट सोडायचं असेल तर आधी सांगायचं. विषय वाचन आणि हिशोब एवढेच. काय गाळायचं ते तिकडचे ठरवणार, आम्ही आमचं काय गाळतो ते दाखवणार. मुलांचे फोटो, नावं, कहाण्या आमच्याकडे पाठवायच्या नाहीत. मूल सलग गैरहजर राहिलं तर घरी कोण जाणार, त्या माणसाचं नाव प्रत्येक शाळेने आधी ठरवायचं, मग आम्ही सुरू करणार. दोन दिवसांनी उत्तर आलं. तिकडच्या मुख्याध्यापिकेने स्वतः लिहिलंय की घरी जायला त्यांच्याकडे दोन बायका तयार आहेत, पण त्यांना पावसाळ्यात चालायला गमबूट हवेत. बाकी कशाबद्दल एक शब्द नाही!

चहाबाज

गमबुटांचे पैसे माझ्याकडून. गडचिरोलीवाला मुद्दा मी सोडलेला नाही, तो वेगळा धागा काढतो.

कारकून_दादर

सही-शिक्क्याच्या पानाचा नमुना मी करून देतो. एका पानात बसेल असा, फोटोला जागा, अंगठ्याला जागा. शिक्का त्यांनी जुबात बनवून घ्यावा, इथून बनवून पाठवू नका, कस्टममध्ये अडकेल.

गिरगावकर

तिकडे नेट कसं आहे? व्हिडिओ चालेल का?

दख्खनी_फौजी

जुबात बरं, बाहेर भरवसा नाही, आणि डेटा महाग. व्हॉट्सअॅपवर आवाजी संदेश टाका, ज्याला जेव्हा रेंज मिळेल तेव्हा तो ऐकेल. थेट बोलायचं असेल तर रविवार सकाळ टाळा, सगळे चर्चमध्ये असतात. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे.

शुभांगी_मुलुंड

म्हणजे शनिवारी आपल्याकडे दुपारी अडीच, तिथे अकरा. आमची शाळा संध्याकाळची, त्यामुळे मला जमतं. पहिला विषय पाव, अर्धा, पाऊण. फौजीसाहेब, तुमच्या कंपाउंडरसाहेबांचा नंबर मिळाला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्यांनी रेघा कोणत्या क्रमाने दाखवल्या ते विचारायचं आहे.